मेंढ्या पहाडावर न्यायच्या की गोठ्यात बांधायच्या? आधी पावसाळ्याचं ठरवा

प्रश्न कळमेश्वर तालुक्यातल्या एका तरुण कास्तकाराचा आहे. चार एकर वावर, त्यात कपाशी आणि तूर. दरवर्षी उलंगवाडी झाली, म्हणजे कपाशीचा हंगाम संपून वावर मोकळं झालं, की काठेवाडी डेरा, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचा तांडा, खतासाठी त्याच्या वावरात रात्री मेंढ्या बसवतो. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप पहाडावर नेतात, हे त्यानं व्हिडिओत पाहिलं. आता त्याला स्वतःच्या शंभर मेंढ्या घ्यायच्या आहेत. तो विचारतो, उन्हाळ्यात त्या चिखलदऱ्याकडे चढवता येतील का? आणि ते जमत नसेल तर गोठ्यात बांधून पाळल्या तर काय बिघडतं?

भाऊ, तुमच्या प्रश्नात उन्हाळा दोनदा आला आणि पावसाळा एकदाही नाही. पशुवैद्यक म्हणून माझी सगळी नोकरी नागपूर जिल्ह्यात डेऱ्या-डेऱ्यांवर लसी टोचण्यात गेली. त्यावरून सांगतो, आपल्याकडे मेंढी उन्हाळ्यात वाळते, पण मरते ती पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर तिला कुठं ठेवणार, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर बाकीचे आठ महिने कसेही निभतात. नसेल तर चिखलदराही कामाचा नाही आणि गोठाही नाही.

आधी गद्दी काय करतात ते नीट समजून घ्या. थंडीत त्यांचे कळप कांगडा, हमीरपूर, ऊना, बिलासपूरच्या खालच्या टेकड्यांत असतात. एप्रिल-मेमध्ये ते वर सरकायला लागतात आणि जूनमध्ये धौलाधारच्या खिंडी ओलांडतात. त्यातली इंद्रहार खिंड 4300 मीटरच्या वर आहे. जुलै-ऑगस्ट लाहौलमध्ये किंवा भरमौरच्या वरच्या धारांवर काढतात, सप्टेंबरात माघारी फिरतात आणि दिवाळीच्या सुमारास खाली पोचतात. बघणाऱ्याला वाटतं, गारव्यासाठी जातात. गारवा आहेच. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. पण मेंढपाळ जातो तो गवताच्या वयामागे. कोवळ्या गवतात प्रथिनं 12 ते 15 टक्के असतात. तेच गवत पिकून वाळलं की 3-4 टक्क्यांवर येतं, आणि मग मेंढी पोटभर खाऊनही खंगते. हिमालयात बर्फ खालून वर वितळत जातं आणि त्याच्यामागे गवत फुटत जातं. खाली जे एप्रिलमध्ये उगवतं ते वर जुलैमध्ये उगवतं. त्या ओळीच्या मागोमाग चालणाऱ्या कळपाला सलग चार-पाच महिने कोवळंच गवत मिळतं. बारा महिने एका जागी बसणाऱ्याला ते तीन-चार आठवडे मिळतं.

दुसरं कारण व्हिडिओत दिसत नाही. धौलाधारच्या अलीकडे धरमशाळेला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पलीकडचं लाहौल पर्जन्यछायेत आहे, तिथं मान्सून जेमतेम पोचतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात गद्दी आपला कळप डोंगर ओलांडून कोरड्यात नेऊन ठेवतो. मेंढीचे खूर आणि लोकर दोन्ही कोरड्या मुलखासाठीच झालेली आहेत.

आता हीच गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगरांच्या वाटेवर ठेवून बघा. माण, खटाव, फलटण भागातले वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. तिथं भातकापणी झालेली असते, खाचरं मोकळी असतात आणि लेंडीखत कोकणातल्या शेतकऱ्याला हवं असतं. मे-जूनमध्ये, कोकणात पाऊस कोसळायच्या आत, ते घाट चढून माघारी येतात. येतात कुठे? तर जिथं वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा माळावर. गद्दी पावसाळ्यात डोंगर चढून पलीकडे जातो, धनगर घाट चढून अलीकडे येतो. दोघंही त्या चार महिन्यांत ओल्यातून कोरड्यात जातात. पहाड चढणं हे त्याचं फक्त बाहेरून दिसणारं रूप.

म्हणूनच चिखलदऱ्याचं सोडून द्या. उंची सुमारे 1100 मीटर, आपलं नागपूर 310. फरक आठशे मीटरचा, म्हणजे पाच-एक अंश गारवा मिळेल. पण तिथं बर्फ नाही, त्यामुळे मेमध्ये वर कोवळं गवत फुटत नाही. सातपुड्याचं गवत आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताइतकंच वाळलेलं असतं. गवत येतं ते पावसाबरोबरच, खाली येतं त्याच वेळी, आणि पाऊस तिथं नागपूरपेक्षा जास्त. वर मेळघाट हा देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. शंभर मेंढ्यांचा कळप तिथं कोणी चरू देणार नाही आणि देऊही नये.

मग आपल्या विदर्भातले डेरे काय करतात? इथं ना बर्फाची रेषा आहे, ना पर्जन्यछाया. त्यांची वाट पिकांनी ठरवलेली आहे. गुजरातेतून पिढ्यांमागे इकडे आलेले रबारी, ज्यांना आपण सरसकट काठेवाडी म्हणतो, ते उंटावर संसार टाकून मेंढ्या-शेळ्या घेऊन फिरतात. आश्विनात सोयाबीन निघालं की त्याच्या सडात आणि गळालेल्या पाल्यात पहिलं चरणं होतं. पण जपून, कारण मळणीच्या जागी सांडलेले दाणे मेंढीनं पोटभर खाल्ले तर पोटात आम्ल वाढून ती रात्रीत आडवी होते. त्याच दिवसांत माळावरचं कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याची कुसळं लोकरीतून कातडीत शिरतात, कोकरांच्या डोळ्यात जातात. म्हणून कुसळीचे माळ डेरा चुकवतो. मार्गशीर्षाकडे पूर्वेला मौदा, कुही, रामटेककडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मोकळ्या होतात. पण ज्या बांधीत धानामागून लाखोळीची डाळ टाकलेली आहे तिथं पाय ठेवायचा नाही, हे पोराटोरांनाही पाठ असतं. मग तूर निघते, कपाशीची शेवटची वेचणी होते. हरभरा-गहू निघाला की कुटार आणि सड. चैत्र-वैशाखात जमिनीवर काहीच उरत नाही तेव्हा बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा. वाळलेल्या गवतावर जगणाऱ्या मेंढीला बाभळीची शेंग म्हणजे ढेप. पंचेचाळीस अंशांत कळप पहाटे आणि रात्री चरतो. दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, तेव्हा त्यांना हाकायचं नसतं. पाण्याची जागा मात्र आधी पक्की लागते, कारण उन्हात एका मेंढीला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं.

या सगळ्यात चालणं हे सोपं काम. अवघड काम डेऱ्याच्या मुखीचं, म्हणजे म्होरक्याचं. तो कळपाच्या दोन-तीन मुक्काम पुढे असतो, पूर्वी पायी, आता मोटरसायकलनं. कोणत्या गावात कोणाची वेचणी संपली, कोणी शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडलेला आहे, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणत्या गावानं गेल्या वर्षी डेरा हाकलला, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. मेंढपाळाचं पारंपरिक ज्ञान म्हटलं की लोकांना झाडपाल्याची औषधं आठवतात. माझ्या मते ती त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्यांच्या पिकांचं पंचांग आणि दुसऱ्यांच्या माणसांची पारख, हे खरं ज्ञान, आणि ते विकत मिळत नाही. तुम्ही शंभर मेंढ्या घ्याल, पण पंचवीस गावांतली ओळख कुठून आणाल? म्हणून डेऱ्यासारखं फिरायचा विचार तुमच्यासाठी मी पहिल्याच फेरीत बाद करतो.

कपाशीबद्दल दोन गोष्टी मात्र तुमच्या उपयोगाच्या आहेत, मेंढ्या घ्या किंवा नका घेऊ. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांवर, राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट बघत बसते. मेंढ्या-शेळ्या ती बोंडं खाऊन टाकतात. हंगाम संपल्यावर वावरात जनावरं चारा, हा सल्ला बोंडअळीच्या प्रत्येक मोहिमेत दिला जातो. तेव्हा डेरा तुमच्या वावरात बसतो तो नुसता खताचा फायदा नाही. दुसरी गोष्ट फवारणीची. शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची, हे डेऱ्याला खरं सांगा. पंधरा-वीस दिवसांच्या आत कीटकनाशक मारलेलं असेल तर मेंढ्या घालू देऊ नका. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंग थरथरणं आणि पाय टाकून पडणं ही विषबाधेची खूण. ॲट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर मेंढी वाचते, पण चाळीस मेंढ्या एकदम पडल्या तर डॉक्टर किती जणींपर्यंत पोचणार? शेजारच्या वावरातली फवारणीही विचारायची, वाऱ्यानं ती धुरा ओलांडते.

आता पावसाळा.

आपल्याकडे पाऊस सरासरी 1100 मिलिमीटर, आणि जमीन काळी. जून लागला की सगळी वावरं पेरलेली. डेऱ्याला पाय ठेवायला जागा उरते ती बरड, मुरमाड टेकाडं आणि झुडपी जंगल. काळ्या मातीचा चिखल खुरांच्या फटीत बसतो, कातडी सडते, मेंढी लंगडते. लंगडी मेंढी चरत नाही, आणि जी चरत नाही ती आठवड्यात बसते. मुरमावर पाणी थांबत नाही, म्हणून रात्रीच्या बसण्यासाठी डेरा आधी मुरूम शोधतो, चारा नंतर. तुम्हीही तेच करा. खुरांसाठी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाच टक्के द्रावण उथळ टाक्यात भरून त्यातून कळप चालवला की फरक पडतो, फक्त मेंढ्यांना ते पिऊ देऊ नका. तांबं मेंढीला इतर जनावरांपेक्षा लवकर बाधतं. लोकर पावसाच्या आधी कातरून घ्यायची, नाहीतर ओल्या लोकरीत माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात. लोकरीला आज गिऱ्हाईक नाही, कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, तरी कातरावीच लागते.

चिखलापेक्षाही मोठा शत्रू जंत. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा गोलकृमी आहे. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. ती लेंडीतून जमिनीवर येतात, आणि दमट उबेत पाच ते सात दिवसांत त्यांतून लागण करणारी अळी तयार होऊन गवताच्या बुडाशी चढते. मेंढी गवत अगदी बुडापासून खाते. शेळी झुडपाचा शेंडा खाते, म्हणून तिला हे कमी. आता डेऱ्याची रीत बघा. उघाडीच्या दिवसांत तो एका जागी तीन-चार रात्री बसतो आणि उठतो. पावसाळ्यात मुक्काम लांबतो, तरी कळप बसवायची जागा ते सरकवत राहतात. अंड्याची अळी होईपर्यंत मेंढी तिथून गेलेली असते. या लोकांनी सूक्ष्मदर्शक पाहिलेला नाही, पण चाल नेमकी त्या किड्याच्या घड्याळावर बसवलेली आहे. सकाळी दव सुकल्याशिवाय मेंढी सोडायची नाही, हा नियमही तिथलाच, कारण ओल्या पात्यावर अळी वर चढलेली असते. नाल्याच्या काठचं, साचल्या पाण्यातलं हिरवंगार गवत चारायचं नाही. तिथल्या गोगलगाईंमधून यकृतातला चपटा कृमी येतो.

तुमचा गोठ्याचा प्रश्न इथं येतो. बांधून ठेवलेली मेंढी रोज आपल्याच लेंडीवर उभी असते. गोठा कोरडा आणि जमिनीपासून उचललेला, फळ्यांच्या फटींतून लेंडी खाली पडेल असा असेल तरच ती टिकते. एका मेंढीला एक चौरस मीटर धरा, म्हणजे शंभर मेंढ्यांना हजार चौरस फुटांपेक्षा जास्त छप्पर. चाऱ्याचा हिशेब त्याहून कडक. पंचवीस-तीस किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा अंश लागतो. शंभर मेंढ्यांचा रोज एक क्विंटल, पावसाळ्याच्या चार महिन्यांचे 120 क्विंटल, आणि हे कोरड्या वजनात. हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे पाचपट कापून आणायचं. चार एकरांत कपाशी-तूर सांभाळून एवढा चारा होत नाही. विकत घेतला तर बोकडाच्या भावात मेंढा विकूनही पैसे फिटणार नाहीत. गोठ्यातली मेंढी कागदावर फायद्यात असते, कारण कागदावर चारा फुकट धरलेला असतो.

सरकारनंही नकळत हेच मान्य केलं आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत चराई अनुदान आहे ते फक्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं, महिना 6000 रुपये. अडचण कधीची आहे ते त्यावरूनच कळतं. ती योजना भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी आहे आणि अनुदानाला किमान वीस मेंढ्या व एक नर असावा लागतो. तुम्ही त्या प्रवर्गात बसत असाल तर तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचारा.

चराईच्या जागेबद्दल एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी पावसाळ्यात गाव गायरानावर आणि झुडपी जंगलावर चारायचं. गायरानं अतिक्रमणात गेली. झुडपी जंगल, जे विदर्भाच्या पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर पडून होतं, ते कायद्यानं वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 रोजी स्पष्ट केलं. जंगल वाचायला हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण वन म्हटलं की पहिला दांडा शेळी-मेंढीवर पडतो, हेही मी पाहिलेलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये फिरस्त्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क शब्दानं लिहिलेला आहे. दावा मात्र ग्रामसभेतून उभा राहतो, आणि जो आज या गावात आणि परवा त्या गावात, त्याची ग्रामसभा कोणती? हिंगण्याकडचे डेरे आता आणखी एक अडचण सांगतात. समृद्धी महामार्ग दोन्ही बाजूंनी बंद आहे, त्यामुळे जुन्या वाटा सोडून रस्त्याखाली बोगदा असेल तिथून कळप काढावा लागतो, आणि बोगद्यापलीकडचं वावर कोणाचं हे आधी विचारावं लागतं. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. त्याचा फलक शहरात लागेल. बोगद्याशी काय होतं ते बघू.

आता तुमच्यापुरतं. गावात किंवा नात्यात दोन-तीन एकर मुरमाड पडीक, उताराची जागा असेल, तिचे चार तुकडे करून आठवड्याला कळप सरकवता येत असेल, तर मेंढ्या घ्या. शंभर नाही, पंचवीस आणि एक मेंढा. घ्यायच्या त्या दिवाळीनंतर, जूनमध्ये अजिबात नाही. पहिल्या पावसाआधी तुम्हाला सहा-सात महिने शिकायला मिळतील. मेंढी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते. मेंढा आषाढात सोडला की कोकरं मार्गशीर्षात, वावरं मोकळी असताना येतात. चुकीच्या वेळी मेंढा लागू नये म्हणून काही डेऱ्यांत त्याच्या पोटाखाली फडकं बांधतात. उपाय साधा आहे आणि चालतो. आंत्रविषाराची (कोवळं गवत भरपूर खाल्ल्यावर आतड्यात विष होऊन मेंढी दगावते त्या रोगाची) लस मे महिन्यात, पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा, पहिलं कोवळं गवत फुटायच्या आत. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूरोगाची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. जंताचं औषध सगळ्यांना दर महिन्याला पाजू नका, जंत औषधाला सरावतात. खालची पापणी ओढून बघा. लाल असेल तर सोडा, पांढुरकी दिसली, म्हणजे जंतांनी रक्त कमी केलं, तर पाजा. जुने धनगरही पापणी बघत आले आहेत.

मुरमाड जागा नसेल तर मेंढीचं नावच काढू नका, दहा बेरारी शेळ्या घ्या. आपल्याच मातीतली जात आहे, धुऱ्यावरच्या झाडपाल्यावर निभते. आणि डेरा येऊ द्या. खतासाठी त्याला धान्य द्यायचं की चराईपोटी त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हा दर प्रत्येक गावात वेगळा आहे. मी तुमच्या जागी असतो तर पैसे न घेता दोन रात्री जास्त बसवून घेतल्या असत्या.

मेंढ्या घ्यायला जाल तेव्हा दात नंतर मोजा. आधी कळप पन्नास पावलं चालवायला सांगा आणि मागून बघा. एकही लंगडत असेल तर त्या टोळीतली एकही घेऊ नका, विकणारा भाव कितीही पाडायला तयार असला तरी.